एकाच आज्जीचं बी, एकाच वाफ्यात पाच आकारांची वांगी. आता बी कुठल्या झाडाचं धरू?

मळ्यातली_पोर
नमस्कार मंडळी. माझं आजोळ कुडचीचं, सासर कडोलीला. आज्जी दरवर्षी परसात काटेरी वांगी लावायची आणि बी स्वतः धरायची, विकतचं बी तिनं कधी आणल्याचं मला आठवत नाही. लहान गोल पण खालच्या बाजूला जरा रुंद, जांभळ्यावर पांढरट हिरव्या रेघा, देठावर असे काटे की तोडताना हाताला फडकं गुंडाळायला लागायचं. आज्जी दोन वर्षांमागं गेली. मामीनं मागच्या साली पिकलेल्या वांग्यांचं बी राखेत घोळून पुडी करून माझ्याकडं दिलं, त्याची ४० रोपं मी कडोलीत लावले.

आता फळं धरलीत आणि बघते तर काय, काही झाडांना आज्जीचीच वांगी, काहींना लांबट, काहींना हिरवी अंड्यासारखी, एकावर तीन-तीनचा झुपका, आणि एक तर भोपळ्यासारखं चपटं, कडा पडलेलं. बी एक, माती एक, पाणी एक, शेणखत एका ढिगातलं. मग हे कसं झालं? आणि पुढच्या सालासाठी बी कुठल्या झाडाचं धरू? आज्जीचं वांगं माझ्या हातून जाऊ नये एवढंच वाटतंय.

देठासकट
ताई, पाच आकार म्हणजे पाच भाज्या. आठवड्याचे पाच दिवस सुटले की. शनिवारी उपास आणि रविवारी पाहुणे.

खानापूरकर
आमच्यात पण असंच झालंय ओ. मी तीन वर्षांमागं दुकानातून हायब्रीडचं पाकीट आणलो, वांगी एकसारखी आली, साच्यातून काढल्यागत. म्हटलं कशाला दरवर्षी पैसे घालवायचे, त्यातलंच एक पिकवून बी धरलो. दुसऱ्या वर्षी काय आलं म्हणता, एक झाड दुसऱ्यासारखं नाही. काही लांब, काही गोल, काही नुसतीच काटेरी, काहींना वांगीच धरली नाहीत. बायको म्हणाली ही काय प्रदर्शनाला लावलाय काय. तेव्हापासून हायब्रीडचं बी धरायचं सोडलो.

रिटायर्ड_माणूस
मळ्यातली पोर, दोन प्रश्न विचारतो, त्याच्या उत्तरावर सगळं अवलंबून आहे.

पहिला, वेगळे आकार एकाच झाडावर आहेत की वेगवेगळ्या झाडांवर? म्हणजे लांबट वांग्याच्या झाडावर सगळीच लांबट आहेत, की गोलाच्या झाडावर मधेच एखादं लांबट आलंय? दुसरा, मामीच्या परसाच्या आसपास गेल्या वर्षी दुसरं कुठलं वांगं होतं का?

झाडागणिक मोजा. एका कागदावर ओळीनं ४० झाडं काढा आणि प्रत्येकापुढं काय ते लिहा. फोटोवरून मला ठरवता येणार नाही.

खानापूरकर, तुमचं तर सरळ आहे. पाकिटावरचं हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या आईबापांची पहिली पिढी. ती एकसारखी दिसते. तिचं बी पेरलं की आईबापांचे सगळे गुण पत्ते पिसल्यासारखे वाटले जातात. त्यात बियाण्याचा दोष नाही, ते तसंच व्हायचं असतं.

निपाणीची_मावशी
अगं पोरी, तुझी आज्जी वांगं दोऱ्यात बांधून चुलीच्या वर टांगायची काय? आमची आई टांगायची. पिवळं पडून सुरकुतलं की कोयत्यानं चिरून पाण्यात बी चोळायची, वर तरंगणारं टाकून द्यायची, बुडालेलं सावलीत वाळवायची. उन्हात घातलं की मारायची आम्हाला.

बी धरायचं वांगं पहिल्या बहरातलं घेऊ नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातलं घे, असं ती म्हणायची. का म्हणायची ते मला विचारू नकोस, पण वांगी चांगली यायची एवढं खरं.

गोवा_बेळगाव
थोडं अवांतर. मी मडगावला असतो, घर शहापूरला. गोव्यात आगशीची वांगी फार नावाजलेली, मोठी मोठी, कापं करायला एक नंबर. बेळगावहून येताना आई काटेरी वांगी पिशवीत घालते, इथल्या शेजारणीला भरली वांगी खायला घातली तर म्हणते एवढ्याशा वांग्यात काय भरता तुम्ही लोक! मी तिला सांगतो, यातच भरायचं, दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, कारळ्याची पूड, देठ ठेवून चार चिरा, आणि ते मोडता कामा नये. मोठ्या वांग्याला तसं शिजवायला गेलं की बाहेरून गाळ आणि आतून कच्चं. आकारावर भाजी ठरते.

अंकलीकर
गोटा वांगं म्हणजे मांजरी गोटा, आणि मांजरी आमच्या चिक्कोडी तालुक्यातली, कृष्णेवरच्या पुलाच्या पल्याड. त्यामुळं सगळ्यात मूळचं गोल वांगं आमचं, हे इथं नोंद करून ठेवा.

पुण्यात_बेळगावी
अंकलीकर, नावानं फसू नका. मांजरी गोट्यातली मांजरी पुण्याजवळची, हडपसरच्या पलीकडची. तुमची मांजरी मी बघितलोय, तिथलीही वांगी उत्तम असतात, पण हे नाव तिकडून आलंय.

अंकलीकर
बरं, नाव पुण्याचं घ्या. चव आमची ठेवा.

कृष्णाकाठी
मी कुडचीच्या जवळचाच. मळ्यातली पोर, तुमचं आजोळ म्हणजे आमचंच गाव म्हणा की. कुडची, रबकवी, मलापूर, ह्या तिन्हींची वांगी वेगवेगळी म्हणून ओळखली जातात. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं बीटी वांग्याचं, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या वांग्याचं, काम केलं तेव्हा ज्या स्थानिक वांग्यांत ते जनुक घातलं त्यात कुडची लोकल, रबकवी लोकल, मलापूर लोकल आणि उडुपी गुळ्ळा ही नावं होती. पुढं ९ फेब्रुवारी २०१० ला पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्यावर स्थगिती आणली आणि ते तिथंच थांबलं. त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की आमच्या बांधावरच्या वांग्याला कुडची लोकल म्हणून कागदावर नाव आहे. आम्ही नुसतं काटेरी म्हणायचो. शेजारचे कन्नड लोक मुळगाई म्हणतात, मुळ्ळू म्हणजे काटा, म्हणजे त्यांच्यातही काटेरीच.

बीटीवरनं भांडण नको, त्यावर आधीच खूप झालंय. मला एवढंच म्हणायचंय की ज्या वांग्यावर विद्यापीठांनी काम केलं ते तुमच्या पुडीत आहे. सांभाळा.

चंदगडी_वारा
माझं मत वेगळं आहे. सगळ्यात मोठं, सगळ्यात तजेलदार वांगं ज्या झाडावर असेल त्याचं बी धरा, आकार कुठला का असेना. बाजारात बायका मोठं वांगं उचलतात. आज्जीची आठवण ठीक आहे, पण शेतात आठवण विकली जात नाही.

निपाणीची_मावशी
चंदगडीदादा, आमच्याकडं तर मोठं वांगं बाई उचलून परत ठेवते. बिया जास्त असणार म्हणते. काटा बोटाला टोचतोय का, देठ हिरवा हाय का आणि हातात घेतल्यावर घट्ट लागतंय का, एवढंच बघायचं.

मळ्यातली_पोर
रिटायर्डकाका, काल संध्याकाळी टॉर्च घेऊन मोजले. सासूबाई म्हणाल्या आता झाडांची जनगणना काय. हे घ्या:

आज्जीच्या वांग्याची ३१ झाडं. त्यातही रेघा कमीजास्त आहेत, एक-दोन बरीच गडद आहेत, पण आकार तोच. लांबट ४, या झाडांवरची सगळीच वांगी लांबट आहेत, पण बाजारातल्यासारखी लांब नव्हेत, मधलीच, मुठीएवढी लांब. हिरवी अंड्यासारखी ३. झुपक्याचं १. चपट्या वांग्याचं १.

मामीला फोन केले. ती म्हणाली शेजारच्यांनी कुंपणाला लागून लांब जांभळी वांगी लावली होती, पाकीट आणून. आणि हिरवी तर तिनं स्वतःच दोन झाडं लावली होती, वरणं-वांग्याच्या (वरणं म्हणजे पावट्यासारखे दाणे) भाजीला.

रिटायर्ड_माणूस
तुमच्या कागदानं बहुतेक उलगडा झाला. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला नोकरीत शेकडो वेळा आलाय आणि बांधावर उभं राहून दोन वाक्यांत सांगितलेलं कुणाला पटत नसे.

वांग्याचं फूल स्वतःच्याच परागानं फळतं, बहुतेक वेळा. पण पूर्ण नाही. फुलाच्या मधे पिवळ्या परागकोशांची बोंडी असते, तिच्या टोकाला बारीक भोकं असतात, पराग तिथूनच सांडतो. वारा हलवतो, त्यानं काम होतं. पण मोठा काळा भुंगा येतो तो फुलाला धरून अंग थरथरवतो आणि मिठाच्या डबीतून मीठ पाडल्यासारखा पराग खाली पाडतो. साधी मधमाशी तसं थरथरवू शकत नाही. तो भुंगा आधी शेजारच्या लांब वांग्यावर बसून आला असला की परका पराग तुमच्या फुलात. हे प्रमाण फुलावर आणि भुंग्यांवर ठरतं, अगदी थोड्या टक्क्यांपासून जवळपास निम्म्यापर्यंत जातं. तुमच्याकडं चाळिसात आठ-नऊ झाडं बिघडली, म्हणजे त्या मर्यादेतच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. परका पराग पडला तरी त्या वर्षी वांग्याचा आकार बदलत नाही. वांगं म्हणजे आईच्या फुलातलं अंडाशय फुगलेलं. ते लांब होणार की गोल हे कळीतच ठरलेलं असतं, कळी उभी चिरून बघा, हिरवा मणी गोल आहे की उभट ते दिसतं. म्हणून मामीनं जे वांगं धरलं ते दिसायला अगदी आज्जीचंच होतं. भेसळ आत बियांत होती. ती पुढच्या वर्षी तुमच्या वाफ्यात दिसली. मामीची काही चूक नाही, तिला बाहेरून कळायला मार्गच नव्हता.

लांब बाप आणि गोल आई यांची पोरं मधलीच येतात, म्हणून तुमची चार झाडं अर्धवट लांब. हिरव्या तिन्हींचा मामीच्या हिरव्या झाडांशी संबंध असेल, पण नुसत्या कागदावरून ते नक्की सांगता येत नाही. झुपक्याचं एक मात्र कुठून आलं ते बघायला लागेल, झुपक्यानं धरणं हा पण वाणाचाच गुण असतो.

चपट्याबद्दल माझा वेगळा संशय आहे. त्या झाडावर चपटं एकच आहे ना? ते तोडून टाका आणि पुढची फळं कशी येतात ते बघून इथं सांगा.

देठासकट
काका, म्हणजे पोरगं बापावर गेलंय हे बाळंतपणात कळत नाही, शाळेत गेल्यावर कळतं. अगदी आमच्या घरासारखं.

अथणीकर
काकांनी लिहिलंय ते बरोबर, त्याला एक जोड देतो. माझ्या प्लॉटमधे एका हंगामात एकाच झाडावर चांगली आणि वाकडी वांगी मिसळून यायला लागली, मी समजलो बी भेसळ. दुकानदाराशी जाऊन भांडलो. नंतर बघितलो तर वाकड्या प्रत्येक वांग्याला बारीक भोक, आत शेंडा आणि फळ पोखरणारी अळी. एका बाजूनं अळीनं खाल्लं की ती बाजू वाढत नाही, वांगं तिकडं वाकतं. झाडाचा शेंडा मान टाकून लोंबायला लागला की समजायचं अळी आली, तो शेंडा तोडून लांब नेऊन पुरायचा किंवा जाळायचा. दुकानदाराचा काही दोष नव्हता, हे मी पुढं जाऊन त्याला सांगितलो पण.

म्हणजे सगळ्या झाडभर वेगळं असेल तर बी, एकाच झाडावर मधेच वेगळं असेल तर दुखणं किंवा हवामान. असं धरून चालायचं काय काका?

रिटायर्ड_माणूस
अगदी हेच, आणि माझ्यापेक्षा नेमकं लिहिलात. थंडी फार पडली, परागण अर्धवट झालं, बोरॉन कमी पडलं, तरी फळ वेडंवाकडं येतं. झाड म्हातारं झालं की फळ लहान होतं, तो आकाराचा फरक बियाण्याचा नव्हे. आणि एक गंमत सांगतो, जांभळ्या वांग्याच्या देठाची टोपी उचलून बघा, बहुतेक वाणांत खालची साल पांढरट निघते, कारण जांभळा रंग धरायला उजेड लागतो. पानाआड लपलेलं वांगं फिकं असलं म्हणून त्याला वेगळ्या जातीचं समजू नका.

पुण्यात_बेळगावी
आकाराची गोष्ट निघालीच आहे तर, इंग्रजीत वांग्याला अंड्याचं झाड म्हणतात ते पांढऱ्या, अंड्याएवढ्या वांग्यावरून. नाव पडलं तेव्हा तिकडं तशी वांगी ओळखीची होती. आपण जांभळ्याला वांगं म्हणतो, उडुपीकडं मट्टू गावचा गुळ्ळा हिरवा, गोल, त्याला २०११ मधे भौगोलिक मानांकन मिळालं. वादिराज स्वामींनी त्याचं बी दिलं असं तिथले लोक सांगतात आणि कृष्ण मठात त्याचा मान आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मधे मिळालं, ते मोठं, फिकट हिरवं. तीन गावं, तीन आकार, आणि वनस्पती एकच. जगात कुठंही वांग्याचे इतके आकार बघायचे तर आपल्याच देशात यायला लागतं, कारण रानातलं काटेरी, लहान गोल फळांचं वांगं अजून आपल्या माळावर उगवतं आणि माणसानं त्यातूनच निवडत निवडत हे सगळं काढलं.

म्हणून मला वाटतं आज्जीच्या वांग्याचे काटे हे तिच्या वाणाचं फार जुनं लक्षण आहे, बिनकाट्याची निवड करू नका.

खानापूरकर
पण काटे कशाला पाहिजेत ओ? आमची आई म्हणते तोडताना जीव जातोय. बिनकाट्याचं झाड निघालं तर मी तेच धरीन. चवीला काट्याचा काय संबंध?

कृष्णाकाठी
चवीचा संबंध आहे की नाही यावर आमच्या कट्ट्यावर तीस वर्षं भांडण चालू आहे. काट्यातून चव येत नाही हे मी मान्य करतो. पण आमच्याकडं चवीची निवड आणि काट्याची निवड एकाच झाडावर पिढ्यान्‌पिढ्या झाली, दोन्ही बरोबरच चालत आलं. काटे काढायला गेलात तर सोबत काय जाईल ते आधी कळणार नाही.

आणि बाजारातला मोठा फायदा राहिला. काटा टोचला म्हणजे कालचं तोडलेलं, काटा मऊ झाला म्हणजे शिळं. गिऱ्हाईकाला तेवढं कळतं.

गोवा_बेळगाव
मावशी, ते वरणं-वांगं तुमच्याकडं कसं करता? हिरव्या वांग्याचीच का?

निपाणीची_मावशी
आमच्याकडं कुठलंपण चालतं, पण हिरवं वरण्याबरोबर दिसायला पण शोभतं. कांदा-लसूण चटणी, थोडा गूळ, वरणं आधी अर्धं शिजवून घ्यायचं. सौंदत्तीच्या यल्लम्माहून यात्रा परत आली की नैवेद्याला आंबील, भाकरी, कांद्याची पात आणि वरणं-वांगं लागतंयच. आणि चिरलं की लगेच मिठाच्या पाण्यात टाक, नाहीतर काळं पडतंय. आता बाई पोरीचा प्रश्न राहिला बाजूला आणि आपण सैपाकाला लागलो.

चंदगडी_वारा
मी आधीचं म्हणणं थोडं बदलतो. परवा संकेश्वरला एका ओळखीच्या अडत्याला विचारलो. त्यानं सांगितलं लहान काटेरी वांग्याला लग्नसराईत आणि हॉटेलवाल्यांकडून वेगळी मागणी असते, पण माल एकसारखा पाहिजे, एका कॅरेटमधे चार आकार आले की भाव पडतो. म्हणजे मोठं नव्हे, एकसारखं. म्हणून आता माझं मत असं की एकाच उत्तम झाडाचं बी धरा, बाकी सगळं काढून टाका.

रिटायर्ड_माणूस
एका झाडाचं धरलं तर वांग्यात लगेच नुकसान होत नाही, हे पीक स्वतःच्या परागावर पिढ्या काढू शकतं. बियाणं शुद्ध करायची शास्त्रीय पद्धत तीच. मीही तेच सुचवणार होतो.

कृष्णाकाठी
काका, इथं मी तुम्हाला आडवा येतो, राग धरू नका. ताईंनी लिहिलंय बघा, ३१ झाडांत रेघा कमीजास्त, एक-दोन गडद. ती भेसळ नव्हे. कुडचीत कुठल्याही जुन्या मळ्यात जावा, अस्सल वांग्यातही असा थोडा फरक दिसतोच. ज्या साली मर रोग येतो त्या साली दहा झाडं वाळतात आणि दोन उभी राहतात, ती दोन कुठली राहतील ते आधी सांगता येत नाही. एकाच झाडाची लेकरं केली की सगळी एकदम उभी किंवा सगळी एकदम आडवी. आमचे आजोबा बी धरताना कमीत कमी सात-आठ झाडांचं धरायचे, आणि एक-दोन वांगी मुद्दाम जरा निराळी घ्यायचे.

मळ्यातली_पोर
कृष्णाकाठीदादा, तुमचं वाचून अंगावर काटा आला. काल रात्री परत मामीला फोन केले, विचारले आज्जी बी किती झाडांचं धरायची. मामी म्हणाली, "किती म्हणजे, पदरात मावतील तेवढी पिकलेली वांगी आणायची, चारपाच झाडांची, सगळ्यांचं बी एकत्र करायची. त्यात एक काळं असायचंच, त्याला ती दृष्ट म्हणायची." म्हणजे ती गडद झाडं चुकून आलेली नव्हेत, आज्जीनंच ठेवलेली होती! मी तीच उपटायच्या बेतात होते.

आणि काका, चपट्या झाडाचं तुमचं खरं निघालं. ते एकच तसं होतं. तोडून टाकले, नंतर त्याच झाडाला चार वांगी आली, चारही आज्जीची. म्हणजे आता आज्जीची झाडं ३२.

रिटायर्ड_माणूस
कृष्णाकाठी, राग कसला. तुम्ही बरोबर आहात आणि मी कॅरेटच्या बाजूनं विचार करत होतो. गावरान वाण हा एक चेहरा नसतो, तो एक घराणं असतो. घराण्यात काळं-गोरं चालतं, बाहेरचं नाक आलं की ओळखू येतं. ताईंनी फक्त बाहेरचं तेवढं काढायचं.

आता करायचं काय ते सांगतो. ३२ पैकी आठ-दहा निरोगी झाडं निवडा, त्यात ती गडद एक-दोन घ्या. वांगं बघून निवडू नका, झाड बघून निवडा, सगळ्या झाडाची सगळी फळं कशी आहेत ते. लांबट, हिरवी आणि झुपक्याची झाडं फुलावर असताना शेजारी ठेवू नका, नाहीतर यंदाही तेच. भुंग्याला बंदी घालता येत नाही म्हणून, निवडलेल्या झाडावर उद्या उमलणारी फुगलेली कळी आज संध्याकाळी मलमलच्या छोट्या पिशवीत बांधा. उमललेल्या फुलांत मधला दांडा परागकोशांच्या वर आलेला दिसतो अशा फांदीवरची कळी घ्या, आखूड दांड्याचं फूल गळून पडतं. दोन-तीन सकाळी फांदी हलकेच हलवा. फळ धरलं की पिशवी काढा आणि देठाला रंगीत दोरा बांधा. मग ते वांगं तोडायचं नाही, पूर्ण पिवळं होईपर्यंत, दीड-दोन महिने. बी नीट वाळवून कोरड्या बरणीत ठेवलं तर तीन-चार वर्षं उगवतं, म्हणून सगळं एकाच साली पेरू नका.

अथणीकर
दोरा बांधलेलं वांगं घरात सगळ्यांना दाखवून ठेवा ताई. आमच्यात पाहुण्यांसाठी घाईत बियाण्याचंच तोडलं होतं.

पुण्यात_बेळगावी
एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो, बऱ्याच जणांना माहीत नसते. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमानं शेतकऱ्याला आपलं बी साठवायचा, पेरायचा, वाटायचा, देवाणघेवाणीचा आणि विकायचाही हक्क आहे, फक्त ब्रँडचं नाव लावून संरक्षित वाण विकता येत नाही. आणि शेतकऱ्याच्या वाणाची त्याच कायद्याखाली नोंदणी होते. तिथं फळाचा आकार, रेघा, काटे हे सगळं लिहायला लागतं. लांबी भागिले रुंदी करून आकडा काढला तर गोल की लांबट यावर वाद राहत नाही. ताईंच्या कागदाला फक्त तेवढी एक रांग वाढवायची आहे. आपल्या भागात गोकाकजवळ अरभावीला बागायतीचं कॉलेज आहे, तिथं विचारता येईल.

खानापूरकर
लांबटाचं काय करणार ताई? मला त्यातलं एक बिनकाट्याचं असेल तर सांगा. आईसाठी.

मळ्यातली_पोर
तीन आठवड्यांनी परत आले. कागद केले: आज्जीची ३२ झाडं आणि ती लांबट चार, प्रत्येकाची तीन-तीन वांगी पट्टीनं मोजले, लांबी, रुंदी. आज्जीच्या झाडांचा आकडा एकच्या आसपासच फिरतोय, गडद झाडांचा पण. लांबट चारचा जवळजवळ दोन. काका, तुम्ही म्हणालात ते पट्टीवर दिसलं.

नऊ झाडं निवडले, त्यातली दोन गडद. २७ कळ्यांना पिशव्या बांधले, जुन्या मलमलच्या ओढणीच्या. ११ धरल्या. सगळ्यांना लाल दोरा. मुलाला ताकीद दिलीय, सासूबाईंना पण, आणि त्या दिवसातून दोनदा स्वतःच बघून येतात कुठलं पिवळं पडलं का. हिरवी आणि झुपक्याची झाडं काढून टाकले. लांबट तीन काढले, एक परसात विहिरीपल्याड ठेवलेय, कापं छान होतात त्याची. खानापूरकरदादा, त्याला काटे कमी आहेत, पण अगदीच नाहीत असं नाही. पुढच्या साली काय निघतं ते मलाही बघायचंय, आईंना सांगा थांबा म्हणून.

परवा पहिल्या तोड्याची भरली वांगी केले, मामीला डबा पाठवले कुडचीला. तिनं फोनवर एवढंच विचारलं, कूट जाडसर ठेवलीस ना.

कृष्णाकाठी
ताई, बी झालं की एक पुडी माझ्यासाठी राखून ठेवा. आमच्या मळ्यातलं मागच्या पुरात गेलं. कुडचीला मामींकडं ठेवलंत तरी मी येऊन नेईन, आणि येताना आमचं जवारी वरण्याचं बी घेऊन येईन.

मळ्यातली_पोर
ठेवते दादा. पुडीवर नाव घालून ठेवते. काळ्याचं बी पण त्यातच मिसळून देते.